उजेडात धरलेली साडी



तुमच्या अंगावरचा हा पदवीदानाचा झगा गेल्या वर्षी दुसऱ्या कुणी घातला होता, पुढच्या वर्षी आणखी कुणी घालेल. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. एवढ्याच भरवशावर मी वापरलेले कपडे ऑनलाइन विकायला लागले.

माझ्या लहानपणी हाच धंदा दारात बसायचा. बोहारीण यायची. आईने पुढे केलेली साडी उजेडात धरायची, घडीवर कापड विरलंय का बघायची, जरीवर नख फिरवायची. मग एका पातेल्यावरून तासभर घासाघीस. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या हे काम प्रामुख्याने वाघरी समाजातल्या बायकांनी केलं. गोळा केलेलं कापड धुवायचं, रफू करायचं, बटणं लावायची आणि पहाटेच्या बाजारात विकायचं. त्यांच्या या कामाला ‘पर्यावरणपूरक’ कुणी म्हटलं नाही. आमच्या ॲपला मात्र सगळे म्हणतात.

सुरुवातीला मी एक कुर्ता विकला. काखेत हळदीसारखा पिवळा डाग होता. तो दिसणार नाही अशा बेताने मी फोटो काढला. घेणाऱ्या बाईंनी कुर्ता परत पाठवला, धुऊन, इस्त्री करून. सोबत एक शब्द नाही. त्या घडीची मला आजही शरम वाटते. तेव्हापासून आमच्याकडे पहिला फोटो दोषाचा असतो.

याहून मोठी लपवाछपवी देशादेशांत चालते. घानातल्या आक्रा शहरात कांतामांतो हा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. श्रीमंत देशांत दान केलेले कपडे तिथे गठ्ठ्यांनी येतात. तिथल्या भाषेत त्यांना ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ म्हणतात. साधारण 55 किलोचा एकेक गठ्ठा मुली डोक्यावरून वाहतात. व्यापारी तो न उघडता, बरेचदा कर्ज काढून घेतो. आत फाटकं, डागाळलेलं निघालं तर बुडतो तोच. आणि ते कापड गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर पोचतं. 2025 च्या पहिल्याच दोन दिवसांत या बाजाराचा मोठा भाग आगीत गेला. गठ्ठे पाठवणाऱ्यांचं त्यात काहीच जळलं नाही.

तुमच्यातले काही जण या व्यवसायात येतील. न विकलेला माल कुठे जातो, हे पहिल्या दिवशीच विचारा. पानिपतला लोकरी कपडे फाडून त्यांचं सूत काढतात, घोंगड्या विणतात; पण सरमिसळ धाग्याच्या स्वस्त कपड्याचं धड सूतही होत नाही आणि घाम टिपणारी गोधडीही होत नाही. ‘पुढे विकता येईल’ म्हणून चार कपडे जास्त घेणारी गिऱ्हाइकं मी रोज पाहते. त्यांच्यामुळे माझी विक्री वाढते, ढीग मात्र कमी होत नाही. याचं पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून तर तुमच्यासमोर बोलते आहे.

माझ्याकडे कपडे निवडायला दोघीजणी आहेत. दोघींच्या आया बोहारणी. त्यांना महिन्याचा पगार आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, आणि माल घ्यायचा की नाही यावर शेवटचा शब्द त्यांचा. परवा एक महागडा शर्ट आला. मी फोटोसाठी मोबाइल उचलला. दोघींपैकी एकीने तो शर्ट खिडकीपाशी नेला, उजेडात धरला.

“कॉलरपाशी विरलाय, ताई.”

मी मोबाइल खाली ठेवला.