थंड धूळ आणि नवे तारे



संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला की मजुरीचा दर निघणार, असे आपणांस वाटले असेल. आजचा विषय निराळा आहे. आम्ही शाळेत फार दिवस बसलो नाही. जे वाचले ते टोळ्यांबरोबर हिंडताना, मिळेल त्या उजेडात वाचले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

बीड जिल्ह्यातले कोयते दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. थंडीच्या रात्री डोक्यावर मृग असतो: चार खूर, पोटात तीन ताऱ्यांचा बाण. टोळीतल्या एका पोराने आम्हांस विचारले, "काका, बाणाच्या खाली तो पुसट डाग कसला?" आम्हांस सांगता आले नाही. लाज वाटली, म्हणून शोधू लागलो.

तो डाग म्हणजे ताऱ्यांच्या बाळंतिणीची खोली. तेथला उजेड येथवर पोचण्यास सुमारे १३०० वर्षे लागतात. डोळ्यांस दिसतो तो तापलेला वायू. त्याच्या पाठीशी प्रचंड थंड ढग आहे. त्यात मुख्यतः हायड्रोजन, आणि वजनाने शंभरात एखादा भाग धूळ: वाळूच्या जातीची खनिजे आणि काजळी. ही धूळ बाहेरचा प्रकाश अडवते, म्हणून आत शून्याखाली २६० अंशांच्या आसपास थंडी टिकते. ही थंडीच कामाची! वायू तापला की फाकतो. गार असला तरच स्वतःच्या भाराने गोळा होतो. गोळा होता होता मध्यभाग तापून तारा जन्मतो आणि भोवती धुळीची चकती फिरत राहते. २०१४ साली चिली देशातील आल्मा दुर्बिणीने वृषभ राशीतल्या एका कोवळ्या ताऱ्याभोवतीची अशी चकती टिपली. आपली पृथ्वी सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी अशाच चकतीतून घडली. आपल्या कोयत्याचे लोखंडही त्याच धुळीतले.

ही थंड धूळ दिसते कशी? चुलीवरून उतरवलेला तवा अंधारात दिसत नाही, पण हात जवळ नेला की ऊब लागते. धुळीची अशीच क्षीण ऊब अवरक्त किरणांनी येते. मात्र हवेतली वाफ ती अडवते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दुर्बीण बलूनला बांधली आणि हैदराबादेहून सुमारे ३० किलोमीटर उंच पाठवली. जपानी शास्त्रज्ञांचे उपकरणही पुढे तिला जोडले गेले.

काम संपले की अशी यंत्रे हवाई छत्रीने खाली येतात, ती कुणाच्या तरी शेतात. म्हणून संस्था लोकांना विनंती करते: हात लावू नका, पोलीस ठाण्यास कळवा. म्हणजे आकाशाचे शास्त्र अखेरीस शेतात राबणाऱ्याच्या इमानावर विसंबते. मग यंत्र काय पाहून आले, हे त्याला कळू नये काय?

त्या पोराची शाळा दरसाल टोळी निघाली की सुटते. गावात हंगामी वसतिगृह नीट चालले तर ते मागे राहील. आपण शहरातली मंडळी. आपल्या शब्दाला वजन आहे. वसतिगृह चालते की नाही, एवढे येत्या दसऱ्याला जाऊन पाहा. पोराला डागाचे उत्तर आम्ही दिले. पुढचे प्रश्न आमच्या आवाक्यातले नाहीत; ते त्याला शाळेतच सुटायला हवेत.