अडुसष्ट तास आणि सरांचा ‘का?’

(१९९४ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतले अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलंय. खरं सांगायचं तर माझ्या नोकरीत सांगण्यासारखं फार काही नाही. सकाळी लॅपटॉप उघडायचा, रात्री मिटायचा. म्हणून मी फक्त चार दिवसांची गोष्ट सांगणार आहे. फेब्रुवारी २०२१ मधले चार दिवस. गाव टेक्सासमधलं ऑस्टिन, जिथे मी राहते. पण या गोष्टीत आपलं लातूर आहे, माझी आई आहे आणि पहिल्या रांगेत बसलेले आपले विज्ञानाचे सरही आहेत. सरांना याची कल्पना नाही.

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. ऑस्टिन तसं नाही. उन्हाळ्यात चाळीस अंश, हिवाळ्यात एखादा स्वेटर. घरंही त्याच हिशोबाने बांधलेली. पाण्याचे पाइप कित्येक घरांत छताखालच्या माळ्यावरून गेलेले. आमचं घर तर संपूर्ण विजेवर चालणारं. चूल विजेची, गरम पाणी विजेचं, घर उबदार ठेवणारं यंत्रही विजेचं. माझी आई २०२० च्या जानेवारीत चार महिन्यांसाठी म्हणून आली होती आणि कोविडमुळे तिथेच अडकली होती. मुलगी तेव्हा दहा वर्षांची.

१४ फेब्रुवारीला, रविवारी रात्री, बर्फ पडायला लागला. मुलगी नाचली, आम्ही फोटो काढले. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास वीज गेली. सकाळी उठलो तर बाहेर सहा इंच बर्फ आणि पारा शून्याच्या खूप खाली. त्या दोन दिवसांत तो उणे १४ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता.

मला फारशी काळजी वाटली नाही. वीज आळीपाळीने थोडा थोडा वेळ जाईल, असं जाहीर झालं होतं. मी म्हटलं, लोडशेडिंग! यात तर आपण पदवीधर आहोत. पण आपल्याकडच्या लोडशेडिंगला वेळापत्रक असतं. किती वाजता जाणार, किती वाजता येणार, हे माहीत असतं. पिठाची गिरणीसुद्धा त्यावर चालते. तिथे गेलेली वीज परत आलीच नाही. आमच्या घरात ती आली बुधवारी रात्री दहाला. अडुसष्ट तासांनी.

असं का झालं, ते मी नंतर वाचून काढलं. सर, तुम्ही वर्गात सायकल उलटी ठेवून डायनॅमो दाखवला होता. दिवा लावला की पॅडल जड होतं, आणि जोर वाढवला नाही की चाक मंदावतं. विजेच्या ग्रीडचं तेच असतं. तिथे सगळी जनित्रं सेकंदाला ६० आवर्तनांच्या लयीत फिरतात. त्या रात्री थंडीमुळे लोकांची मागणी वाढली आणि त्याच वेळी वीजकेंद्रं एकामागून एक बंद पडत गेली. सोमवारी पहाटे दीडनंतर आणि दोनच्या आत ती लय ५९.४ च्या खाली गेली आणि चार मिनिटांहून अधिक काळ तिथेच राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर उरलेली यंत्रंही स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद झाली असती आणि जवळजवळ अख्खं राज्य अंधारात गेलं असतं. टेक्सासची ग्रीड बाकीच्या देशापासून वेगळी आहे, शेजारून आणता येते ती वीज अगदी थोडी. म्हणून घाईघाईने लाखो घरांची वीज तोडली. ज्या फीडरवर दवाखाने होते ते तोडता येईनात, बाकीचे आधीच तोडलेले. आळीपाळी करायला पाळीच उरली नाही.

त्यात आणखी एक गाठ होती. वीजकेंद्रांना नैसर्गिक वायू लागतो आणि वायू खेचायला, ढकलायला वीज लागते. वीज तोडताना वायूच्या काही केंद्रांचीही वीज गेली, कारण ‘यांची तोडू नका’ या यादीत त्यांचं नाव नव्हतं. वीज नाही म्हणून वायू नाही, वायू नाही म्हणून वीज नाही. आमच्या धंद्यात दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत अडकून बसतात, त्याला डेडलॉक म्हणतात. मी वीस वर्षं ते शोधायचे पैसे घेते. पण माझ्या स्वतःच्या घरात सगळं एकाच तारेवर लटकलंय, हे मला कधी दिसलं नव्हतं. ऑफिसच्या प्रत्येक सर्व्हरला जोडीला दुसरा सर्व्हर, आणि घरात साधी गॅसची शेगडी नाही.

आई मात्र सोमवारी सकाळी उठली ती थेट नळाकडे गेली. पाणी चालू होतं. म्हणाली, “आधी भरून घे.” मी म्हटलं, “आई, वीज गेलीय, पाणी नाही.” ती म्हणाली, “वीज गेल्यावर मोटार कोण चालवतं गं?” मी इंजिनिअर आहे आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. मग बाथटब, पातेली, कुकर, मुलीचे खेळण्यांचे डबे, सगळं भरलं. आईने त्याचे तीन भाग केले: पिण्याचं, वापरायचं आणि एकदा वापरून पुन्हा वापरायचं. लहानपणी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं तेव्हा हेच चालायचं, तुमच्याही घरी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आई इथेच होती. तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिचं खरं ठरलं. मंगळवारी नळाची धार करंगळीएवढी झाली आणि बुधवारी बंद पडली. त्याच दिवशी शहराचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र विजेअभावी थांबलं आणि ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना निघाली. उकळायचं कशावर, हे सूचनेत नव्हतं. संडासासाठी आम्ही बर्फ गोळा करून वितळवला. बादलीभर बर्फाचं जेमतेम तांब्या-दोन तांबे पाणी होतं. मुलगी हिशोब करायची, “आजी, एका फ्लशला इतक्या बादल्या?”

इथपर्यंतची गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. ऑस्टिनच्या मराठी मंडळींत तर ती फार रंगते. लातूरच्या पाण्यावर वाढलेले लोक कुठेही तग धरतात, असं म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. पुढचा भाग मी आजपर्यंत सांगितलेला नाही.

मंगळवारी दुपारी घरातलं तापमान सहा अंशांवर आलं. सगळे कपडे अंगावर घालूनही मुलीचे ओठ काळसर दिसत होते. अंगणात आमची कोळशाची शेगडी होती, सुट्टीत कणसं, पनीर भाजायची. तिच्यावर बाहेर उभं राहून मी दोन वेळा खिचडी केली होती. आई म्हणाली, “ती आत आण की. आपण नव्हतो का थंडीत शेगडी घेऊन बसत?” बसत होतो. मला ते घर आठवलं, आजीच्या कुशीत बसून तापवलेले हात आठवले. मी शेगडी ढकलत गॅरेजमध्ये आणली. वारा येत होता म्हणून गॅरेजचं मोठं दार खाली ओढलं. घरात जायचं दार उघडं ठेवलं, उष्णता आत जावी म्हणून. आम्ही तिघी खुर्च्या टाकून बसलो. नवरा माळ्यावरचे पाइप बघायला गेला होता.

फार छान वाटलं. आई जुन्या गोष्टी सांगायला लागली. वीसेक मिनिटांनी मुलगी म्हणाली, “आई, माझं डोकं दुखतंय.” मी म्हटलं, “थंडीने दुखत असेल.” माझंही दुखत होतं. मग बघितलं तर आई बोलता बोलता गप्प झाली होती, मान कलली होती. दुपारी झोपायची तिला सवय नाही.

सर, आपल्या उत्तरपत्रिकेत उत्तर बरोबर असलं तरी तुम्ही समासात लाल शाईने ‘का?’ लिहायचात. त्याचा आम्हाला फार राग यायचा. उत्तर बरोबर आहे ना, मग मार्क द्या! नववीत ज्वलनाच्या धड्याला तुम्ही विचारलं होतं, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी का उठत नाहीत? आणि मग सांगितलं होतं की कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरतं. आधी डोकं दुखतं, मग झोप येते.

मला तो धडा आठवला, असं म्हणणं खोटं ठरेल. मला समासातला लाल ‘का?’ दिसला. आजीच्या घरी शेगडी चालायची, ती का चालायची? कारण तिथे माळवदाला धूर जायला झरोका होता, दारं-खिडक्यांना फटी होत्या. आणि माझं घर वातानुकूलनाचा गारवा निसटू नये म्हणून मुद्दाम हवाबंद बांधलेलं.

मी ओरडले. गॅरेजचं दार वर ढकललं, आईला दंडाला धरून बर्फात आणलं. ती रागावली, “काय झालं गं तुला?” पाच-दहा मिनिटांनी तिघींनाही बरं वाटलं. आणखी अर्धा तास गेला असता तर? त्याच थंडीत टेक्सासमध्ये अशाच कारणाने माणसं गेली. कुणी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसलं, कुणी शेगडी आत आणली. राज्य सरकारने नंतर एकूण २४६ मृत्यूंची नोंद केली, त्यातले बहुतेक थंडीने, काही या वायूने. त्या यादीत आमची तीन नावं असती.

शेगडी आणायची कल्पना आईची होती, पण चूक माझी होती. शिकलेली मी होते. आई, तू इथे बसली आहेस म्हणून सगळ्यांसमोर सांगते.

त्या रात्री समोरच्या घरातले आजोबा आमचं दार वाजवत आले. रस्त्याच्या त्यांच्या बाजूला वीज होती, आमच्या बाजूला नव्हती. म्हणाले, मास्क लावा आणि या. कोविडला घाबरून वर्षभर आम्ही एकमेकांशी लांबूनच बोलत होतो. दोन रात्री आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात झोपलो. दोन दिवस त्यांच्या खिडकीतला दिवा मला दिसत होता आणि मी मागायला गेले नाही, हेही सांगायला हवं. संकोच वाटला. लातुरात पाणी मागायला मला कधी संकोच वाटला नव्हता.

मैत्रिणींनो, आपण दहावीत असताना, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीच्या बाजूची ती जाड दगडी घरं पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा देत आली होती. त्याच भिंतींखाली माणसं गेली. जुनं ते वाईट, असं मी म्हणत नाही. आईच्या पाण्याच्या तीन भागांनी आम्हाला वाचवलं. आणि नवं ते चांगलं, असंही नाही. टेक्सासमध्ये २०११ च्या फेब्रुवारीतही थंडीने वीज गेली होती. यंत्रं थंडीसाठी तयार ठेवा, असं तेव्हाच तज्ज्ञांनी लिहून दिलं होतं, आणि बरंचसं कागदावरच राहिलं. जुनी असो की नवी, एखादी गोष्ट का चालते, हे माहीत नसेल तर ती कधी चालणार नाही, हेही कळत नाही.

आता माझ्या दोन विनंत्या आहेत. हा मेळावा आहे, त्यामुळे विनंती करायचा हक्क आहे असं समजते.

पहिली तुम्हा सगळ्यांना. आपल्यापैकी अनेकांच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. तो कार्बन मोनॉक्साइड तयार करू शकतो. थंडी आहे म्हणून खिडकी बंद, झरोक्याला पुठ्ठा लावलेला, आणि आत मूल अंघोळ करतंय. आपल्याकडे दर हिवाळ्यात याने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात आणि आपण पान उलटतो. आज घरी गेल्यावर तो पुठ्ठा काढा. जमलं तर गिझर बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या. अंघोळीला गेलेलं कुणी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत असेल तर हाक मारा.

दुसरी विनंती शाळेला. आपल्या बॅचने जमवलेल्या निधीचं काय करायचं, याची चर्चा दुपारी आहे. कमान बांधायचं घाटतंय, असं कानावर आलंय. कमान जरूर बांधा, पण आधी प्रयोगशाळा दुरुस्त करू या. सकाळी मी तिथे डोकावून आले. डायनॅमोची ती सायकल अजून कोपऱ्यात आहे, चेन नाही. त्या सायकलचा खर्च माझ्याकडे.

सर, मला तुम्ही त्या पेपरात दहापैकी सात दिले होते. तीन मार्क त्या ‘का?’ साठी कापले होते. तेव्हा मी घरी जाऊन रडले होते. आज ते तीन मार्क मागायला आलेली नाही. बरोबरच कापले होते.