दाराशी उभी असलेली मुलगी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या कौतुकासाठी आज आपण जमलो आहोत. अशा मंगल प्रसंगी आम्ही एक कबुली देणार आहोत. तिचा कोणी राग मानू नये.

काही वर्षांपूर्वी एका प्राथमिक शाळेच्या स्नेहसंमेलनास आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. चिमुकल्यांनी 'आदिवासी नृत्य' सादर केले. तोंडास काजळ, कमरेस पाला, हाती भाले आणि अर्थहीन आरोळ्या! सभागृह हसले, आम्हीही हसलो. निघताना दाराशी त्याच शाळेतील एक वारली मुलगी दिसली. ती हसत नव्हती. तो नाच तिच्या घरचा नव्हता, आणि घरचा नाच कसा असतो हे तिला कोणी विचारलेही नव्हते.

आम्ही त्यानंतर चौकशी केली. दुधी भोपळा व बांबू ह्यांचा तारपा वाजू लागला की स्त्रीपुरुष एकमेकांना हात गुंफून वादकाभोवती फेर धरतात. लग्नघरी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात; त्यात पालघट देवीची स्थापना होते. ह्याच कलेला कागदावर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे ह्यांस 2011 साली पद्मश्री मिळाली. आणि आपली मुले मात्र आरोळ्या शिकली!

मार्ग अज्ञात नाही. ताराबाई मोडक ह्यांनी 1945 साली बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली. खडे, शिंपले, पाने, बिया हीच साधने आणि मुलांची स्वतःची गाणी हाच पाठ! मुलाच्या घरी जे आहे ते हीन नव्हे, ही त्या शिक्षणाची पहिली पायरी होती.

ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर हा विषय कशास, असे कोणी म्हणेल. आम्हांस वाटते, तो येथेच शोभतो. आपल्या आजीची ओवी आणि चैत्रांगणाची रांगोळी आपणांस प्रिय आहे. म्हणूनच दुसऱ्याच्या आजीचा चौक थट्टेचा विषय होऊ नये हे आपणांस सहज कळावे. ज्यास आपले घर ठाऊक आहे, त्याने शेजारच्या घरात जोडे काढूनच शिरावे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : शिक्षणनिधीतून दरवर्षी थोडी रक्कम काढून आपल्या परिसरातील प्राथमिक शाळांत खरे कलावंत बोलवावेत व त्यांस योग्य मानधन द्यावे. प्रत्येक मुलाने घरचे एक गाणे वा एक नक्षी वर्गात आणावी आणि सोबत ती शिकविणाऱ्याचे नाव सांगावे. सोंगे मात्र बंद व्हावीत.

दाराशी उभी असलेली ती मुलगी पुढील संमेलनात मध्यभागी उभी राहून इतरांस फेर शिकवील, तेव्हा आमच्या त्या हसण्याचे काहीसे प्रायश्चित्त झाले असे आम्ही समजू.