मनाची व्याधि आणि वैद्याचें औषध
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशीं एका मूक दुःखाविषयीं आम्ही दोन शब्द बोलणार आहों. आमच्या परिचयाची एक माउली एकच प्रार्थना, चुकली ह्या भयानें, रात्रभर पुनः पुनः आरंभापासून म्हणत असे. हें तिच्याच अनुमतीनें सांगतों. ‘श्रद्धा वाढवा’ असा उपदेश आम्हीं तिला केला. त्यानें तिचें ओझें मात्र वाढलें. ती आमची चूक होती.

संत इग्नेशियस लोयोला ह्यांस १५२२ सालीं मान्रेसा येथें अशाच शंकांनीं ग्रासिलें होतें. कबूल केलेलीं पापें पुनः पुनः आठवून जीव देण्याचा मोहहि त्यांस झाला. तेव्हां ही व्याधि अश्रद्धेची खूण नव्हे.

फ्लुओक्सेटीन, फ्लुव्होक्सामीन, क्लोमिप्रामीन हीं औषधें मूळचीं विषण्णतेवरचीं. परंतु ह्या व्याधीवरहि तीं गुणकारी ठरलीं आहेत. गुण येण्यास बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात. आरंभीं मळमळीसारखा त्रासहि होतो. तीं नशेचीं औषधें नव्हेत. तथापि डॉक्टरांस न विचारतां एकाएकीं बंद करूं नयेत. भयास हळूहळू सामोरें जाण्यास शिकविणारा उपचारहि जोडीस असावा.

बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत वैद्याचा मान राखण्याची शिकवण आहे. म्हणून प्रार्थना सोडूं नका आणि औषधहि टाळूं नका. ती माउली आतां एकदांच प्रार्थना म्हणते आणि शांतपणें निजते.