सफरचंदावरील जकात : वाटा कोणाचा?



आयात-जकातीची दोन उद्दिष्टे सांगितली जातात : तिजोरीला उत्पन्न आणि देशी उत्पादकाला संरक्षण. ही दोन्ही एकत्र नांदत नाहीत. परदेशी माल पुरता अडला, तर तिजोरीत काही पडत नाही. माल भरपूर आला, तर तिजोरी भरते, पण संरक्षण लटके ठरते. म्हणूनच जकातीचा रुपया पुढे कोठे जातो, हे विचारण्याचा पहिला हक्क बागायतदाराचा आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये हिमाचलच्या सफरचंद-बागायतदारांनी सिमल्यात सचिवालयावर मोर्चा नेला. आयात-जकात 100 टक्के करा, ही त्यांची एक मागणी होती. परंतु जागतिक व्यापार संघटनेत भारताने सफरचंदासाठी 50 टक्क्यांची कमाल मर्यादा स्वीकारलेली. भिंत उंच करता येत नसेल, तर निदान वेशीवर गोळा होणारा पैसा तरी बागेपर्यंत पोचला पाहिजे.

तो पोचतो काय? 1 फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पाने सफरचंदावरील मूळ सीमाशुल्क 50 टक्क्यांवरून 15 वर आणले आणि उरलेल्या 35 टक्क्यांना ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर’ असे नाव दिले. बेरीज तीच राहिली. गिऱ्हाइकाला फरक जाणवला नाही, आयातदारालाही नाही. फटका बसला तो राज्यांना. घटनेच्या 270 व्या अनुच्छेदानुसार सीमाशुल्काचे उत्पन्न केंद्र व राज्ये यांत वाटले जाते. उपकर मात्र त्या वाटणीबाहेर राहतो. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा 41 टक्के ठरविला होता. ढोबळ हिशेब असा : 100 रुपयांच्या सफरचंदांवर 50 रुपये जकात घेतली, तर जुन्या रचनेत राज्यांना साडेवीस रुपये मिळाले असते, नव्या रचनेत अवघे सहा रुपये पंधरा पैसे.

उपकर शेतीसाठीच आहे, असे उत्तर दिले जाते. हेतूबद्दल वाद नाही. पण शेती हा राज्यसूचीतला विषय आहे. डोंगरउतारावरील बागेला लागणारे शीतगृह आणि प्रतवारी केंद्र कोठे हवे, हे सिमल्याला अधिक कळते की दिल्लीला? जबाबदारी राज्यांची आणि थैलीची दोरी केंद्राच्या हाती, ही संघराज्याची रीत नव्हे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ जकातीच्या दरावर थांबू नये. उपकराचा पैसा वाटणीत यावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी बागायतदारांपुढे मांडला जावा, ही मागणी गावोगाव नेली पाहिजे. शेतकऱ्याच्या नावाने घेतलेला पैसा शेतकऱ्याच्या नजरेआड राहता कामा नये.