हौसेचा टाका आणि बाजाराची कात्री



कामगार संघटनेत उमेद घालविलेल्या माणसाने वेषभूषेच्या हौसेवर बोलावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पगारवाढ, बोनस, कंत्राटी पद्धत हे नेहमीचे विषय टाकून हा गृहस्थ कॉस्प्लेच्या वाटेला का गेला, असा प्रश्न मनात आला असेल तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर थोडक्यात देतो. जी गोष्ट माणसाच्या सुटीच्या दिवसाशी निगडित आहे, ती कामगार चळवळीचीच गोष्ट आहे. सुटीचा दिवस कोणी दान दिलेला नाही. तो भांडून मिळवावा लागला आहे. मग त्या दिवशी माणूस काय करतो, आणि तो जे करतो त्यावर कोणाचा डोळा आहे, हे आम्ही पाहायचे नाही तर कोणी पाहायचे?

प्रथम कॉस्प्ले म्हणजे काय ते सांगतो. चित्रकथेतले, चित्रपटातले किंवा संगणकावरच्या खेळातले एखादे पात्र निवडावे, त्याचा वेष शक्यतो स्वतःच्या हाताने तयार करावा आणि तो घालून, त्या पात्राच्या ढबीने, समानधर्मी मंडळींत वावरावे, असा हा छंद आहे. हा शब्द जपानात घडला. कॉस्च्यूम आणि प्ले या दोन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो १९८३ मध्ये एका मासिकातील लेखात वापरला. अमेरिकेत अशा वेषधारी समारंभाला जो जुना शब्द होता, त्याचे जपानी भाषांतर सरदार-दरकदारांच्या नाचाची आठवण करून देणारे होते. सामान्य पोरापोरींच्या छंदाला तो शब्द शोभणारा नव्हता, म्हणून नवा शब्द पाडावा लागला.

पण प्रथा शब्दापेक्षा जुनी आहे. १९३९ मध्ये न्यू यॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट ॲकरमन हे गृहस्थ आणि त्यांची मैत्रीण मर्टल डग्लस ही दोघे भविष्यकाळातील माणसांचा पोशाख घालून आली. पुढे या छंदाचा आद्य पुरुष म्हणून ॲकरमन यांचे नाव वर्षानुवर्षे घेतले गेले. परंतु ते दोन्ही पोशाख डग्लसबाईंनी केले होते. कल्पना त्यांची, टाका त्यांचा आणि कीर्ती दुसऱ्याची! कारखान्यात काम केलेल्या माणसाला या गोष्टीचे नवल वाटणार नाही. मालावर शिक्का कोणाचा आणि हात कोणाचा, हा आमचा जुनाच प्रश्न आहे.

आता जपानकडे वळू. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत हौशी चित्रकथाकारांचा एक बाजार भरला. त्याचे नाव कॉमिक मार्केट. आपण काढलेल्या आणि आपणच छापलेल्या चित्रकथा आपणच विकायच्या, असा तो प्रकार. त्या दिवशी ३२ गट बसले आणि सुमारे ७०० माणसे आली. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. या बाजाराचे एक तत्त्व मला फार मोलाचे वाटते. तेथे गिऱ्हाईक म्हणून कोणी नाही. विकणारा, घेणारा, व्यवस्था पाहणारा आणि वेष घालून येणारा, सगळेच सहभागी. व्यवस्था स्वयंसेवकांची. वेष घालून घरून यायचे नाही आणि तसेच घरी जायचे नाही. तेथे येऊन बदलायचा, हाही त्यांचा नियम. शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव होऊ नये म्हणून आपणच आपल्याला घालून घेतलेली ही शिस्त होती. सभासदांनी चालविलेल्या संघटनेचे याहून चांगले उदाहरण मला सहसा आढळलेले नाही.

या मंडळींना दिवस चांगलेच आले असे मात्र नाही. १९८९ मध्ये लहान मुलींच्या खुनांबद्दल एका तरुणाला अटक झाली. त्याच्या खोलीत चित्रफितींचा मोठा साठा सापडला. मग वर्तमानपत्रांनी चित्रकथांच्या साऱ्याच शौकिनांवर संशयाची राळ उडविली. एका गुन्हेगारावरून एक अख्खा वर्ग ओळखायचा, ही रीत आपल्याकडेही अपरिचित नाही. ती बदनामी ओसरायला बरीच वर्षे लागली.

तरीही छंद वाढला. याची कारणे साधी आहेत. जपानी चित्रपट आणि चित्रकथा परदेशी गेल्या. त्यांच्यामागून त्यांतली पात्रे गेली. इंटरनेटमुळे एका गावातल्या एकट्या शौकिनाला दुसऱ्या देशातला सोबती मिळाला, आणि शिवणाची, टोप बसविण्याची, फोम गरम करून चिलखत वाकविण्याची विद्या घरबसल्या शिकता येऊ लागली. पूर्वी जे ज्ञान उस्तादाच्या पायाशी बसून मिळवावे लागे, ते शौकिनांनी एकमेकांना फुकट वाटले. २००३ मध्ये नागोया शहरात एका दूरचित्रवाणी कंपनीने जागतिक कॉस्प्ले मेळावा सुरू केला. आज तेथे अनेक देशांतून दोघादोघांच्या जोड्या येतात, आणि स्पर्धेचा वेष स्पर्धकांनी स्वतःच केलेला असावा अशी अट असते. त्या मेळाव्याला जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाचा पाठिंबा आहे. ज्या पोरांना काल हसत होते, ती आज राष्ट्राची शोभा ठरली. टोकियोच्या कॉमिक मार्केटला २०१९ च्या हिवाळ्यात चार दिवसांत साडेसात लाखांची हजेरी लागली. आपल्या देशात २०११ मध्ये दिल्लीला कॉमिक कॉन भरले, पुढे मुंबईलाही भरू लागले, आणि उपनगरी गाडीच्या डब्यात पुठ्ठ्याची तलवार सांभाळत उभा असलेला मुलगा आपल्या ओळखीचा झाला.

हा पलायनवाद आहे, अशी एक टीका नेहमी ऐकू येते. जगात एवढी दुःखे असताना सोंगे कसली काढता, असे विचारणारे आमच्या चळवळीतही आहेत. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. ज्या जपानात अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला कारोशी असे स्वतंत्र नाव आहे, जेथे जादा कामाला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा घालणारा कायदा २०१८ मध्ये करावा लागला, आणि तोही पळवाटा ठेवून, तेथला कारकून रात्री उरलेल्या तासाभरात अस्तर शिवीत बसतो, तो कशापासून पळतो? मला तर वाटते, तो स्वतःकडे परत येतो. दिवसभर त्याने ज्या वस्तूला हात लावला ती त्याची नव्हती. ही बाही त्याची आहे. ती उसवली तर पुन्हा शिवण्याचा हुकूम देणाराही तोच आहे.

मग धोका कोठे आहे? धोका हौसेत नाही. हौसेला किंमत आली की धोका सुरू होतो. मेळाव्याचे तिकीट विकले जाते ते पुष्कळसे वेष घालून आलेल्या मुलांच्या जोरावर. त्यांची छायाचित्रे जाहिरातीत झळकतात आणि बहुतेकांना मोबदला मिळतो तो टाळ्यांचा. तयार पोशाख आता कारखान्यांतून स्वस्तात येतात. ते घेणाऱ्याला मी दोष देत नाही, सर्वांना शिवणयंत्र परवडत नाही. पण एकाची हौस स्वस्त व्हावी म्हणून दुसऱ्याच्या शिलाईचा दर पाडला जात असेल, तर त्या वेषातला वीरपुरुष कोणत्या तोंडाने अन्यायाशी लढणार? पात्रे कंपन्यांच्या मालकीची असतात. कॉस्प्लेवर पैसे मिळविणाऱ्यांबाबत स्वामित्वहक्काचे नियम स्पष्ट करण्याचा विचार जपान सरकार करीत असल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या. नियम जरूर व्हावेत. मात्र चित्राचा हक्क मोजताना शिवणाऱ्या हाताचाही हक्क मोजला जावा.

स्त्रियांचा प्रश्न याहून नाजूक आहे. वेष घातला म्हणजे अंगाला हात लावण्याची मुभा मिळाली, असे मानणारे महाभाग सर्वत्र आहेत. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या मेळाव्यात, वेष म्हणजे संमती नव्हे, अशा अर्थाचे मोठे फलक लावावे लागले. तेथे जमलेल्या मुलींनी आणि त्यांच्या मित्रांनी हा प्रश्न लावून धरला, म्हणून ते फलक लागले. हक्क असेच मिळतात.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची. आपल्याकडे बहुरूपी दारोदार हिंडत असे, अजूनही क्वचित हिंडतो. वेष पालटणे ही त्याची पिढीजात विद्या आणि तीच त्याची भाकरी. त्याला आपण चार आणे देऊन वाटेला लावले, कलावंत म्हटले नाही. आज शहरी मुलाच्या वेषाला बक्षीस देताना टाळ्या वाजवाव्यात, अवश्य वाजवाव्यात; पण बहुरूप्याच्या मुलाला शाळेत बाकावर जागा आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. एकच कला हौसेने केली तर गौरव आणि पोटासाठी केली तर भीक, हा न्याय मला मान्य नाही.

बंधुभगिनींनो, नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. त्या रविवारी कामगार काय करील हे लोखंड्यांनी ठरवून दिले नव्हते. कोणी भजन केले, कोणी कुस्ती, कोणी नाटकाची तालीम. आज त्याच रविवारी कोणाची नात पुठ्ठा कापून पंख करीत असेल, तर तीही त्या लढ्याचीच वारस आहे. परंतु आठवड्याला ७० तास, ९० तास काम करावे, असा उपदेश आपल्या देशातले बडे उद्योगधुरीण २०२३ पासून उघडपणे करू लागले आहेत. तो उपदेश अमलात आला तर पंख करायला वेळ कोठून आणणार? तेव्हा विकत घेतलेले पंखच उरतील, आणि तेही लावायला सवड नसेल.

म्हणून तरुणांना माझे सांगणे एवढेच. वेष खुशाल करा, मनापासून करा. शिवणाऱ्याचे नाव सांगा. तुमच्या जिवावर कोणी तिकिटे विकत असेल तर आपला वाटा मागा, आणि एकट्याने न मागता मिळून मागा. जागा, सुरक्षितता आणि कपडे बदलण्याची सोय यांसाठी आयोजकांशी बोलायला आपल्यातले पाचजण निवडा. याला तुम्ही मंडळ म्हणा, क्लब म्हणा. आम्ही त्याला युनियन म्हणतो. आणि तुमच्या वडिलांच्या कारखान्यात कामाच्या तासांवरून वाद उभा राहील, तेव्हा त्यांच्या बाजूला येऊन उभे राहा. वेषात आलात तरी आमची हरकत नाही.