‘नाही’ म्हणणारा क्रेनवाला

३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३च्या मधल्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर, म्हणजे पुलाच्या तुळया उचलून बसवणारं यंत्र, कोसळलं आणि २० कामगार गेले. तेव्हापासून व्याख्यानाचं बोलावणं आलं की मी क्रेनचालकाच्या परवान्याचा विषय मागून घेतो.

बारा टनांची हायड्रा क्रेन किती वजन उचलते? चाकण-भोसरीकडच्या पोरांना विचारलं की उत्तर येतं, बारा टन. घागर कमरेवर असली तर बाई कोसभर चालते. तीच घागर हात लांब करून धरा. अर्ध्या मिनिटात खांदा भरून येतो. पाणी तेवढंच, अंतर वाढलं. तीन मीटरवरचे चार टन सहा मीटरवर गेले की क्रेनला उलथवणारा जोर दुप्पट होतो. बारा टनांचा आकडा बूम, म्हणजे क्रेनचा हात, अगदी जवळ असतानाचा. पुढे कुठल्या अंतराला किती उचलायचं, ते क्रेनच्या लोड चार्टमध्ये. ओझं ज्याने बांधतात त्या स्लिंगचंही असंच. दोन पाय आहेत म्हणून ओझं निम्मं-निम्मं वाटलं जातं, असं समजू नका. आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन झाला, की प्रत्येक पायावर अख्ख्या ओझ्याइतका ताण येतो.

हे सगळं क्रेनचालकाला येतं की नाही, कोण तपासतं? आरटीओचा परवाना क्रेन रस्त्यावरून नेण्यापुरता. यंत्राची मात्र काळजी घेतलेली दिसते: १९४८च्या कारखाना कायद्याने उचल-यंत्रांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी बंधनकारक केली. बांधकामासाठीचे १९९८चे केंद्रीय नियम माणसापर्यंत पोचले. चालक आणि त्याला खुणा करणारा, दोघेही अठरा वर्षांवरचे, पूर्ण सक्षम आणि भरवशाचे हवेत, धोके जाणणारे हवेत, त्यांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी हवी. नियम चांगलाच आहे. पण ‘सक्षम’ कोण, हे ठरवणं मालकावर सोडलं. अमेरिकेत नोव्हेंबर २०१८पासून बांधकामावरच्या क्रेनचालकाला त्या प्रकारच्या क्रेनचं प्रमाणपत्र लागतं आणि वर मालकानेही त्याला पारखायचं असतं. मला दोन्ही हवं वाटतं.

आपल्याकडे पोरगा हेल्पर म्हणून चढतो, उस्तादाचा हात बघून शिकतो आणि एके दिवशी उस्ताद रजेवर असताना लिव्हर धरतो. त्याच्या हाताला मी कमी लेखत नाही. असे हात मी डोळे भरून पाहिले आहेत. पण त्याच्यापाशी कागद नाही. एका साइटवर असाच एक जण खाली उतरून विचारत होता, “साहेब, वजन किती आहे?” कुणालाच ठाऊक नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, “उचल रे, तासाचं भाडं चढतंय.” त्याने उचललं. त्या दिवशी काही झालं नाही.

परीक्षा पास झालेला माणूस त्या सुपरवायझरला चार्ट दाखवून थांबवू शकतो. म्हणून परवाना हवा. आणि त्या परीक्षेत पहिली खूण विचारावी ती थांबण्याची. बाकी सगळ्या खुणा एकाच नेमलेल्या माणसाने करायच्या. ही मात्र कुणीही करावी, पाणी भरणाऱ्या बाईनेसुद्धा, आणि चालकाने ती त्याच क्षणी पाळायची.